कांचनमुक्ती, बलुते आणि काला

पैशावाचून आणि व्यापारावाचून चालणाऱ्या समाजाची कल्पना मांडली की बहुधा एकच शंका पुढे येते, ती म्हणजे पैसा नसेल तर माणसे एकमेकांच्या गरजा भागवणार कशा. परंतु या एका शंकेत दोन निराळे प्रश्न गुंतलेले आहेत आणि ते सुटे केल्याखेरीज विचार पुढे सरकत नाही. पहिला प्रश्न साधनाचा आहे: वस्तूंचे मोल मोजण्यासाठी आणि त्या हातोहात पोचवण्यासाठी नाण्यानोटांच्या जागी दुसरे काय असावे. दुसरा प्रश्न नात्याचा आहे: देवघेव आटोपल्यावर देणारा आणि घेणारा यांच्यात काय शिल्लक उरते. अर्थशास्त्र पहिल्या प्रश्नात रमते, धर्मविचाराला दुसरा अधिक जवळचा वाटतो, आणि पैसा दूर सारू पाहणारे अनेक प्रयोग पहिल्याचे उत्तर सापडले की दुसरा आपोआप सुटेल अशा समजुतीपाशी अडखळले आहेत.

नात्याच्या दृष्टीने पाहिल्यास देवघेवीचे तीन प्रकार संभवतात. विनिमय म्हणजे दिलेल्या वस्तूच्या बदल्यात ठरलेले मोल घेऊन व्यवहार तिथेच संपवणे. दान म्हणजे स्वतःच्या मालकीची वस्तू परतफेडीची अट न घालता दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. वाटणी, जिला संस्कृतात संविभाग म्हणतात, ती या दोहोंहून वेगळी आहे, कारण तिच्यात जे मुळातच सगळ्यांचे आहे त्यातला आपापला हिस्सा प्रत्येकजण उचलतो आणि म्हणून तिथे खऱ्या अर्थाने देणारा कोणी नसतोच; वडिलार्जित शेताची वाटणी झाल्यावर धाकटा भाऊ थोरल्याचे आभार मानत नाही, आणि मानण्याची अपेक्षाही कोणी करत नाही. पैसा हे पहिल्या प्रकाराचे साधन आहे. ते काढून घेतले की समाज थेट तिसऱ्या प्रकारात जाऊन पोचतो असे गृहीत धरले जाते, पण इतिहास तसे सांगत नाही. समाज बहुधा दुसऱ्या प्रकारात, आणि त्याच्याही अत्यंत कठोर रूपात, जाऊन थांबतो. महाराष्ट्राच्या भूमीवर या दोन्ही शक्यता प्रत्यक्ष पाहायला मिळाल्या आहेत, एक पवनारच्या आश्रमात आणि दुसरी गावोगावच्या खळ्यावर.

विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी १९५० साली वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी असलेल्या परंधाम आश्रमात ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग आरंभला. कांचन म्हणजे सोने, आणि त्याच्या रूपाने एकूणच पैसा. आश्रमाच्या नित्य जगण्यातून तो वगळायचा, अन्न आणि वस्त्र या दोन मूलभूत गरजा आश्रमवासीयांच्या स्वतःच्या श्रमातून भागवायच्या, आणि त्या श्रमात बैलाचाही आधार घ्यायचा नाही, असा संकल्प होता. बैलाशिवाय केवळ हातांनी केलेल्या या शेतीला त्यांनी ‘ऋषिशेती’ हे नाव दिले. विहिरीवरचा रहाट माणसे फिरवत, भाजीपाला आणि धान्य आश्रमाच्या जमिनीत पिकत असे, आणि कापड आपल्याच सुताचे असे. विनोबांचा पैशावरचा मुख्य आक्षेप असा होता की त्याचे मोल कधीच स्थिर नसते. शेरभर ज्वारीत जितक्यांचे पोट भरण्याचे सामर्थ्य काल होते तितकेच आज असते, परंतु त्या ज्वारीची किंमत बाजार रोज निराळी सांगतो, आणि जो माणूस घाम गाळून धान्य पिकवतो त्याच्या हाती या सांगण्यातले काहीच नसते.

या आक्षेपाच्या मागे आणखी खोल असे एक तत्त्व आहे, आणि ते वस्तूच्या नासण्याशी निगडित आहे. दूध नासते, भाजी सुकते, धान्याला टोका लागतो, आणि म्हणून गरजेपेक्षा जास्त झालेली वस्तू शेजाऱ्याच्या घरी पोचवणे हे औदार्याइतकेच शहाणपणाचेही ठरते. नाणे मात्र नासत नाही, त्यामुळे ते द्यावे अशी निकड निसर्गाकडून कधीच निर्माण होत नाही. सतराव्या शतकात इंग्लिश तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने हीच गोष्ट हेरली होती, पण त्याने तिचा उपयोग अमर्याद संपत्तीचे समर्थन करण्यासाठी केला: कोणाचे काही नासत नसेल तर साठवण्यात अन्याय कसला, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. भारतीय परंपरेतील अपरिग्रहाचे व्रत, म्हणजे गरजेपलीकडे संग्रह न करण्याचा नियम, याच्या नेमके उलट्या टोकाला उभे आहे. विनोबा ज्या ईशावास्य उपनिषदाचा आधार वारंवार घेत, त्याची दृष्टी तर अशी की मालकी हीच मुळात माणसाची नाही, आणि जिथे मालकी नाही तिथे साठवणूक ही चोरीच्या जवळ जाऊन पोचते.

तथापि पवनारच्या प्रयोगाची मर्यादाही त्याच्या रचनेतच होती. मीठ आणि लोखंड धाम नदीच्या काठी पिकत नाही, आणि जगातील कोणतेही गाव या दोन वस्तूंसाठी आपल्या सीमेबाहेर पाहिल्यावाचून फार काळ राहू शकलेले नाही. शिवाय स्वेच्छेने आलेल्या, व्रतस्थ, बहुतांशी मुलाबाळांचा भार नसलेल्या मोजक्या माणसांनी पैसा सोडणे आणि रोगराई, लग्नकार्य, म्हातारपण, दुष्काळ या सगळ्यांसह जगणाऱ्या पूर्ण गावाने तो सोडणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर किती आहे हे समजण्यासाठी अशा गावाकडे पाहिले पाहिजे जिथे पैशाचा वावर खरोखरच थोडा होता.

पैसा येण्यापूर्वी माणसे वस्तूच्या बदल्यात वस्तू देत असत आणि त्यातील गैरसोय टाळण्यासाठी नाणे निघाले, ही कथा अॅडम स्मिथपासून पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते. परंतु केवळ अशा अदलाबदलीवर चाललेला एकही समाज मानवशास्त्राच्या नोंदीत सापडत नाही, हे कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ साली दाखवून दिले. पैशावाचून चाललेले समाज बहुधा स्मरणावर चालत: कोणी कोणाला काय दिले, कोणाचे कोणाकडे काय येणे आहे, हे गाव लक्षात ठेवी. महाराष्ट्रातील बलुतेदारी ही याच जातीची व्यवस्था होती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार आणि इतर बलुतेदार वर्षभर गावाची कामे करीत, त्यांपैकी कोणत्याही कामाचा वेगळा दाम ठरत नसे, आणि सुगीत खळ्यावर धान्याची रास पडली की प्रत्येकाला त्याच्या ओळीप्रमाणे, म्हणजे थोरली, मधली की धाकटी यानुसार, पेंढ्या आणि धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे बारकाईचे वर्णन आहे ते वाचताना लक्षात येते की नाणे हाताळल्यावाचून एका गावाचे बारमाही जीवन चालवण्याचे तंत्र इथे पूर्णत्वाला गेले होते. नांगराचा फाळ मोडला तर कुणब्याला कनवटीचा पैसा शोधावा लागत नसे, आणि सुताराला आपले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल ही धास्ती नसे.

पैशाविना व्यवस्था म्हणून बलुतेदारीची स्तुती करणाऱ्यांची दृष्टी इथेच थांबते, पण तिच्या तळाशी असलेल्या माणसाच्या जागेवरून पाहिले तर तीच व्यवस्था निराळी दिसते. महाराच्या कामाला मोजमाप नव्हते. सरकारी टपाल वाहणे, चावडीवर हजेरी देणे, मेलेली गुरे ओढणे, सांगावे पोचवणे, सीमेच्या तंट्यात साक्ष देणे, अशी कामे दिवसा किंवा रात्री कधीही अंगावर पडत, आणि काम किती झाले याला मर्यादा नसल्यामुळे मोबदला पुरेसा आहे की नाही असा प्रश्नच उभा करता येत नसे. त्याला मिळणारे बलुते नावाने हक्क होते, परंतु ते खळ्यावर जाऊन मागावे लागे, आणि मागताना कुणब्याच्या मर्जीला जपावे लागे. संध्याकाळी दारोदार फिरून मागितलेली भाकरी ही तर हक्काच्या नावाखाली लादलेली याचनाच होती. दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे एकाच शब्दाचे नाव दिले, त्यामागे या शब्दात साठलेल्या पिढ्यांच्या अपमानाची जाणीव आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचे मर्म ओळखले होते. महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन झाले, आणि १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे जे विधेयक मांडले त्यात धान्यरूपी बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती रक्कम सरकारने वसूल करावी अशी तरतूद होती. ते विधेयक मंजूर झाले नाही, आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तरी आंबेडकरांच्या मागणीतील तत्त्वज्ञान आजही नीट पचवले गेलेले नाही. अध्यात्माची भाषा पैशाला मोहाचे आणि बंधनाचे रूप मानते, परंतु महारवाड्यासाठी रोख पैसा हे सुटकेचे दार होते, कारण रोख मजुरी दिल्यावर मालकाचे आणि मजुराचे काही देणे उरत नाही, तर बलुते दिल्यावर उपकार उरतो. गिरणीतल्या किंवा गोदीतल्या पगारासाठी मुंबई गाठणाऱ्या माणसाला हातावर पडलेल्या नाण्याचे मोल, ते कोणी दिले यावरून, कमीजास्त होत नाही हा अनुभव प्रथमच मिळत होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या ‘पैशाचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात नेमके हेच म्हटले होते की वस्तुरूप आणि सेवारूप बांधिलकीच्या जागी रोख रक्कम आली की माणूस मालकाच्या व्यक्तिगत सत्तेतून सुटतो. पैसामुक्त समाजाचे स्वप्न पाहणाऱ्या कोणालाही हा अनुभव ओलांडून जाता येणार नाही. त्याला या अनुभवाचे उत्तर द्यावेच लागेल.

दानाच्या पोटात उपकाराचे हे ओझे कसे दडलेले असते याचे शास्त्रीय विवेचन फ्रेंच विद्वान मार्सेल मोस याने १९२५ साली केले. पॅसिफिक बेटे आणि वायव्य अमेरिका येथील समाजांचा अभ्यास करून त्याने दाखवले की भेटवस्तूबरोबर तीन बंधने चालत येतात: देण्याचे, स्वीकारण्याचे आणि परत करण्याचे, आणि जो परत करू शकत नाही तो देणाऱ्याच्या खाली जातो. भारतीय स्मृतिग्रंथांतील दानधर्माची चर्चाही त्याने लक्षात घेतली होती, आणि प्रतिग्रहाची, म्हणजे दान घेण्याची, जी भीती त्या ग्रंथांत आहे तिचा अर्थ त्याच्या विवेचनामुळे उलगडतो. पैसा ऋणाचा हिशेब मिटवतो, दान तो उघडा ठेवते. म्हणून वाटणीवर उभ्या राहणाऱ्या अर्थव्यवस्थेची खरी कसोटी ती मोजणी कशी करते यात नाही. तिने देण्याच्या स्मृतीचे काय करायचे हे ठरवले आहे काय, यात आहे.

ही कसोटी लावून पाहण्याजोगे सर्वांत जुने आणि दीर्घ उदाहरण बौद्ध भिक्षुसंघाचे आहे. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या आचारनियमांच्या संग्रहात, भिक्षूने सोने-रुपे स्वीकारू नये असा नियम आहे आणि तो मोडला गेल्यास काय करावे याचाही विधी दिला आहे: ते द्रव्य संघापुढे सोडून द्यायचे, आणि कोणी उपासक त्याचे तूप-तेल आणून देण्यास तयार नसेल तर एका भिक्षूला ते टाकून देण्यासाठी नेमायचे, ज्याने ते कुठे पडले याची खूण न ठेवता फेकायचे. खूण न ठेवण्याची ही अट मोठी अर्थपूर्ण आहे, कारण तीत केवळ द्रव्याचा त्याग नाही, त्याच्या स्मृतीचाही त्याग आहे. याच नियमावरून पुढे वाद पेटला. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या वज्जिपुत्तक भिक्षूंनी उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र मांडून उपासकांकडून नाणी घेण्यास सुरुवात केली, तेव्हा यश नावाच्या भिक्षूने त्याला विरोध केला. जमलेल्या द्रव्यातला त्याचा वाटा त्याच्यापुढे ठेवण्यात आला आणि त्याने तो नाकारला. पुढे सातशे भिक्षूंच्या संगीतीत ज्या दहा गोष्टी विनयबाह्य ठरल्या त्यांत सोने-रुपे स्वीकारणे ही एक होती.

परंतु नियम टिकला म्हणून पैसा गेला असे झाले नाही. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील, म्हणजे पांडवलेण्यांतील, दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, आणि त्यात ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, नोंदवलेली आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवलेली होती, २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावयाची होती. हिशेब चोख आहे: दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस, म्हणजे वीस जणांना बरोबर बारा बारा. ज्या संघात वैयक्तिक मालकी जवळजवळ नव्हती त्याचे वस्त्र विणकरांच्या व्याजावर उभे होते. यात ढोंग शोधणे अन्यायाचे होईल. संघाने आपल्या आत वाटणीचे नाते जपले आणि बाहेरच्या जगाशी असलेला पैशाचा संबंध कप्पियकारकाच्या, म्हणजे भिक्षूंसाठी व्यवहार पाहणाऱ्या गृहस्थाच्या, हाती सोपवला, आणि या दुहेरी रचनेमुळेच तो शतकानुशतके टिकला. आंबेडकरांनाही आयुष्याच्या अखेरच्या काळात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना संघातील मालमत्तेचे नियम साम्यवादी राज्यापेक्षाही कडक आणि तरीही सक्तीविना पाळलेले दिसले, ही गोष्ट १९२८ च्या विधेयकाशेजारी ठेवून वाचली पाहिजे. ज्या विचारवंताने बलुते रोख करून मागितले त्यानेच भिक्षुसंघाच्या निष्कांचन जीवनात आदर्श पाहिला. दोन्हींत विसंगती नाही, कारण संघात प्रवेश करणाऱ्याची जात गळून पडत होती आणि त्याच्या भिक्षापात्रातला घास कोणाच्याही ओळीप्रमाणे ठरत नव्हता.

यरुशलेम येथील पहिल्या ख्रिस्ती मंडळीनेही जमिनी विकून सगळे सामायिक केल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकात नोंदलेले आहे. तिथली अडचण लवकरच उघड झाली: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार उठली आणि त्यासाठी सात जणांची नेमणूक करावी लागली. वाटणीला वाटप करणारा लागतो, आणि तो ज्या भाषेचा, ज्या घरचा, त्या बाजूला पळी झुकते.

पळी झुकू न देण्याची एक विलक्षण युक्ती कालाहारी वाळवंटातील झु/होआन्सी या शिकारी लोकांत आढळली आहे. तिथे मारलेल्या जनावराच्या मांसाची वाटणी करण्याचा मान ज्याच्या बाणाने ते मेले त्या बाणाच्या मालकाकडे जातो, आणि बाण तर एकमेकांना सतत उसने दिलेले असतात, त्यामुळे वाटणारा हा बहुधा शिकारी नसतोच, कधी तो म्हातारा असतो तर कधी शिकारीला न गेलेली एखादी स्त्री. शिवाय मोठी शिकार आणणाऱ्याच्या मांसाला नावे ठेवण्याची रीत आहे, ज्यामुळे त्याच्या मनात मोठेपणा साचत नाही. कर्तृत्व आणि दातृत्व यांची इथे मुद्दाम फारकत केलेली आहे.

मराठी मनाला हीच कल्पना अधिक आपुलकीने ठाऊक आहे ती काल्याच्या रूपाने. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून कालवायच्या आणि कृष्णासह सर्वांनी त्यातून खायचे, अशी ही कथा, आणि वारकरी सप्ताहाची सांगता आजही काल्याच्या कीर्तनाने आणि दहीलाह्यांच्या प्रसादाने होते. काल्याचा गाभा कालवण्यात आहे. शिदोऱ्या नुसत्या शेजारी ठेवल्या असत्या तर कोणाची भाकरी चांगली आणि कोणाची शिळी हे दिसत राहिले असते. कालवल्यावर कोणता घास कोणाच्या घरचा हे कोणालाच, देणाऱ्यालाही, सांगता येत नाही, आणि उपकाराला धरून ठेवायला जागाच उरत नाही. बलुते आणि काला या दोन्हींत नाणे नाही, परंतु बलुत्यात प्रत्येक पेंढीवर देणाऱ्याचे नाव असते आणि काल्यात एकाही शितावर ते नसते. इतके असूनही काल्याच्या वर्तुळात कोणाला बसू दिले हा प्रश्न पंढरपुरात शतकानुशतके उघडा राहिला, चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली, आणि विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. घराचीही गोष्ट अशीच आहे. कुटुंबात कोणी कोणाला बिल देत नाही म्हणून ते वाटणीचा आदर्श मानले जाते, परंतु जिच्या हातून सगळ्यांना वाढले जाते तिचे ताट शेवटी मांडले जाते आणि तिच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. तिथे देण्याची स्मृती पुसली जाते, पण ती फक्त तिच्या देण्याची.

या पार्श्वभूमीवर विनोबांच्या पुढच्या वाटचालीचे महत्त्व कळते. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले, तिथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे तिथल्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमिनीची गरज सांगितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली, आणि भूदानाचा आरंभ झाला. शंकराचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ संविभाग असा दिला आहे, आणि विनोबांनी तोच अर्थ आपल्या चळवळीचा पाया मानला. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजून माझा वाटा द्या, अशा आशयाची त्यांची मागणी होती. ती भिक्षा नव्हती, भाऊबंदाने मागितलेला हिस्सा होता. दानाला वाटणीच्या पातळीवर नेण्याचा आधुनिक भारतातील हा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणावा लागेल. तरीही पाच कोटी एकरांच्या उद्दिष्टापुढे हाती आलेली जमीन चाळीस लाख एकरांच्या आसपास राहिली आणि तिचाही मोठा भाग कधी वाटला गेला नाही, कारण भाषा हिश्श्याची असली तरी दानपत्रावर दात्याचे नाव होते, कोणती जमीन द्यायची हे दाताच ठरवीत होता, आणि अनेकांनी खडकाळ किंवा कज्ज्यातली जमीन ठरवली. १९५६ साली पळणी येथे विनोबांनी चळवळीसाठी निधी न घेण्याचा, म्हणजे निधिमुक्तीचा, निर्णय घेतला तो त्यांच्या विचाराशी सुसंगत होता, पण मिळालेली जमीन मोजून, नोंदवून, भूमिहीनाच्या नावावर करून देण्याचे चिकाटीचे काम त्यामुळे अधिकच निराधार झाले.

ग्रामदानाची कल्पना, जिची सुरुवात १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठपासून झाली, या दोषावरचा उपाय होती. सुलभ ग्रामदानाच्या रूपात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसणारा कसत राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळतो, आणि उत्पन्नाचा चाळिसावा भाग, मणामागे शेर या हिशेबाने, ग्रामकोषात पडतो. तिथे पडलेल्या धान्याचे मग काल्यासारखेच होते. कागदावर झालेली ग्रामदाने पुष्कळ निघाली, आणि १९६९ मध्ये जाहीर झालेले बिहारदान, म्हणजे सगळ्या बिहारचे ग्रामदान, हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे. पण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अनेक वर्षे सर्वसहमतीने निर्णय घेण्याचा आणि अभ्यासगट चालवण्याचा सराव केल्यावर, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवल्यावर, मग महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याची वाट धरली. या गावाचा बांबू बाजारात रोख रकमेला विकला जातो. नाशिकच्या लेण्यातील रचनेचे हे दूरचे भावंड आहे: बाहेर पैसा, आत वाटा, फरक इतकाच की मेंढ्याला कोणा क्षत्रपाच्या ठेवीची गरज नाही.

एका गावाचे हे झाले, पण मोठ्या, परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांच्या समाजात किमतीवाचून नियोजन अशक्य आहे, कारण कोणत्या वस्तूची कुठे किती निकड आहे हे कळण्याचे दुसरे साधन नाही, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस याने १९२० साली मांडला, आणि लोखंड, औषधे किंवा वीज यांच्या बाबतीत त्याला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. परंतु एका वस्तूपुरते ते मिळाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर भारतात १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली, आणि रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली ज्याचा पुरस्कार केला त्या तत्त्वावर, म्हणजे अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला विनामूल्य रक्त द्यावे या तत्त्वावर, ही व्यवस्था उभी राहिली. तांबड्या पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे साठेबाजीला अर्थ उरत नाही. निकड किमतीवरून कळत नाही, रक्तगटाच्या आणि शिलकीच्या नोंदीवरून कळते. पिशवीवर गट, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते, दात्याचे नाव नसते, आणि घेणाऱ्याला कोणाच्या दारी उभे राहावे लागत नाही. तंत्रज्ञाचा पगार, शीतपेटी आणि तपासणी यांचा खर्च मात्र पैशातच होतो आणि रुग्णाकडून प्रक्रियेचे शुल्क घेतले जाते. ज्या रुग्णालयांत रक्ताच्या बदल्यात नातेवाइकांनी तेवढ्याच पिशव्या भरून द्याव्यात अशी अट घातली जाते, तिथे रात्री उशिरा जिन्यावर बसून ओळखीच्यांना फोन लावणाऱ्या माणसाला पुन्हा मोजावे लागते की कोणावर आपले उपकार आहेत आणि कोणाचे आपल्यावर.